अध्यक्ष होऊन मेंबर झालेला माणूस

अमेरिका आमच्या गावात पहिल्यांदा आली ती पोत्यातून. बहात्तरच्या दुष्काळात रेशनला लाल ज्वारी आली, तिला सगळे मिलो म्हणायचे. भाकरी थापताना फुटायची आणि खाताना घशात अडकायची. आई म्हणायची, "ज्यांच्या देशात ह्ये पिकतं ती माणसं बोलत्यात तरी कशी?" दुसऱ्यांदा अमेरिका आली ती माझ्या पिशवीतून, एका पुस्तकाच्या रूपानं. मिलोनं निदान पोट तरी भरलं होतं.

गाव आमचं दौंड तालुक्यात, यवत आणि भांडगावच्या मधे, सोलापूर रस्त्यापासून जरा आत. दुष्काळ सरता सरता गावाला विहीर मिळाली, विहिरीवर मोटार, चावडीमागं सिमेंटची टाकी आणि आळीआळीला नळ. बौद्धवाड्याला नळ मिळाला नाही. ओढा मधे येतो, पाइप कमी पडला, पुढच्या वर्षी बघू. कारणांना काय तोटा! टाकीच्या पायासाठी खडी फोडली ती आमच्याच बायकांनी, त्यांत माझी आई होती. कॅनॉलला पाणी सुटलं की बायका कॅनॉलवर जायच्या, नसलं की ओढ्यातल्या झिऱ्यावर. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा. त्यात पाणी पाझरेपर्यंत उकिडवं बसायचं आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा. आईचे गुडघे त्या झिऱ्यानं खाल्ले. मी शिरूरच्या कॉलेजात फ्रान्सची राज्यक्रांती पाठ करत होतो आणि ती वाटीनं पाणी उपसत होती, याचा मला संताप यायचा. संताप करून काय होतं म्हणा. मला क्रांती नको होती, आमच्या वाड्यात एक नळ हवा होता.

शिरूरला मी मागासवर्गीय वसतिगृहात राहायचो. कॉलेजच्या लायब्ररीत अमेरिकेकडून फुकट आलेल्या मराठी पुस्तकांचं एक कपाट होतं. कुणी त्याला हात लावत नसे. फुकट ते पौष्टिक, म्हणून मी एक उचललं आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी घेऊन आलो. न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंतच्या एस.टी.त बसल्या बसल्या अर्धं वाचून काढलं. ते एका जुन्या अध्यक्षाचं चरित्र होतं. बाप दुसरा अध्यक्ष, लेक सहावा. नाव मुद्दाम सांगत नाही. आमच्या गावात त्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसलंच नाही, सगळे त्याला 'आप्पांचा अमेरिकावाला' म्हणायचे.

आप्पा म्हणजे गावातलं सगळ्यांत मोठं माणूस. मराठा आळीत त्यांचं घर. पंचायत समितीचे सभापती होते, दौंडला त्यांची खुर्ची आणि दारात सरकारी जीप. पुढं पक्षात काहीतरी बिनसलं, तिकीट कापलं गेलं, आप्पा बंडखोरी करून उभे राहिले आणि सपाटून आपटले. जीप गेली आणि जीपच्या मागं धावणारी माणसंही गेली. गाव मात्र त्यांना सभापतीच म्हणत राहिलं. ओट्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची, एवढाच उद्योग उरला होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळं पेपर वाचून दाखवायला कुणीतरी लागायचं. घरच्या पोरांना वेळ नसायचा. मी सुट्टीला आलो की मला बोलावणं यायचं. आप्पा ओट्यावर, मी खाली पायरीच्या दगडावर. ती जागा कुणी नेमून दिली नव्हती आणि कुणी नेमून द्यावीही लागत नव्हती.

त्या दिवाळीत पेपर वाचून संपला तरी आप्पा उठेनात, म्हणून मी पुस्तक काढलं.

सुरुवातीला ते नुसतंच हूं हूं करत होते. पोरगा बापानं अध्यक्ष होण्यासाठीच वाढवलेला, लहान वयात परदेशी गेलेला, राजेरजवाड्यांच्या दरबारात देशाची वकिली करून आलेला. माणूस हुशार, पण तोंडाचा कडू. पहाटे उठून राजधानीच्या नदीत कपडे काढून पोहायचा. हे ऐकून आप्पा खुलले. मग अध्यक्षपदाची निवडणूक आली. मतं प्रतिस्पर्ध्याला जास्त पडली, पण पुरेशी कुणालाच नाहीत, म्हणून निकाल सभागृहानं लावला आणि माळ याच्या गळ्यात पडली.

"म्हंजी आपल्यावानीच," आप्पा म्हणाले. "मेंबर फोडलं आसत्याल."

तसा आरोप झाला होता असं मी सांगितल्यावर त्यांना फार बरं वाटलं. हा अध्यक्ष म्हणाला, रस्ते बांधू, कालवे काढू, तारे बघायला वेधशाळा उभारू. सभागृह त्याला हसलं. एका कालव्याच्या कामाची सुरुवात त्याच्या हस्ते होती. त्यानं फावडं मारलं तर खाली झाडाची मुळी. पुन्हा मारलं, पुन्हा मुळी. तेव्हा भर समारंभात या गड्यानं अंगातला कोट काढून फेकला आणि माती काढूनच दाखवली.

आप्पा मोठ्यानं हसले. "आन् मी! आरं, माझ्या कुदळीखालची माती कंत्राटदार आदल्या दिवशीच भुसभुशीत करून ठेवायचा. वर चुन्याची रेघ. साहेबांच्या हाताला झटका नगं."

पुढच्या निवडणुकीत तो हरला. मुकाट्यानं गावी जाऊन शेतीवाडी बघावी आणि मरावं, असं सगळ्यांना वाटलं. पण त्याच्या भागातली माणसं आली आणि म्हणाली, साधा सदस्य म्हणून उभे राहा. घरच्यांना लाज वाटली. देशाचा अध्यक्ष झालेला माणूस परत शेवटच्या बाकावर जाऊन बसणार? तो म्हणाला, लोकांचं काम करण्यात कमीपणा कसला. उभा राहिला, निवडून आला आणि मरेपर्यंत त्या बाकावर बसला.

"थांब," आप्पा म्हणाले. "ह्ये परत वाच."

मी परत वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच पान आणखी एकदा वाचायला लावलं. त्यांचे ते पांढुरके डोळे भरून आलेले मी पाहिले. हरलेल्या माणसाला कुणीतरी दूरच्या देशातून निरोप धाडावा तसं त्यांना झालं होतं.

त्याच्या पुढं खरी गोष्ट होती. त्या देशात काळ्या माणसांना गुलाम म्हणून ठेवायचे. ते बंद करा, असे अर्ज गावोगावची माणसं पाठवायची, बायका पाठवायच्या, आणि हा म्हातारा ते सभागृहात मांडायचा. बाकीच्यांनी एक नियमच करून टाकला: तसला अर्ज आला की वाचायचा नाही, त्यावर बोलायचं नाही, बाजूला ठेवून द्यायचा. म्हातारा तरी उठायचा. लोक ओरडायचे, खाली बस म्हणायचे, हाकलून द्यायला निघायचे. पुढच्या वेळी तो पुन्हा दुसरा अर्ज घेऊन उभा. वर्षानुवर्षं हेच चाललं आणि शेवटी तो नियम मोडून पडला.

मी पुस्तक मिटलं. माझ्या डोक्यात एक गोष्ट खुपत होती आणि तोंड आवरलं नाही. म्हणालो, "आप्पा, अध्यक्ष होता तवा मात्र ह्यो यातलं काही बोलला न्हाई. पुस्तकातच तसं लिवलंय."

आप्पांना कळलं मी कुणाबद्दल बोलतोय ते. सभापती असताना त्यांची जीप आमच्या वाड्यावरून रोज जायची आणि झिऱ्यावरच्या बायकांच्या अंगावर धुरळा उडायचा. ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"तवा खुर्ची हुती रं," ते म्हणाले. "खुर्चीवर माणूस जपून बसतो." मग म्हणाले, "अर्ज लिही. नळाचा. निवडणूक लागलीय. मी मेंबर व्हतो."

आई ऐकून हरखली. अर्जावर पहिला अंगठा तिचा. "आप्पांच्या शब्दाला वजन हाय," ती घरोघर सांगत सुटली. वाड्यातल्या सगळ्या बायकांनी अंगठे उठवले. एकदोन म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं, म्हणाले की त्या आळीतल्या माणसाला घसरायला वेळ लागत नाही. मला त्यांचा राग आला. वीस-एकवीस वर्षांच्या माणसाला आशा फार सोपी असते.

आमच्या गावची निवडणूक मतपेटीत होत नसे, मारुतीच्या देवळात व्हायची. जाणती माणसं बसायची, जागा वाटून घ्यायची, ज्याच्या हातात नारळ दिला तो मेंबर. बाकीच्यांनी अर्ज मागं घ्यायचे. बिनविरोध झाली की गावाची शान. आमच्या राखीव जागेवर कुणी बसायचं हेही तेच ठरवायचे, आणि आम्ही ते देवळाच्या पायऱ्यांखाली उभं राहून ऐकायचो. त्या दिवशी आप्पा उठले आणि म्हणाले, "मला मेंबर करा. सरपंच न्हाई. मेंबर."

देवळात कुजबुज सुरू झाली. सभापती झालेला माणूस मेंबर? कुणाला वाटलं म्हातारा चळला, कुणाला वाटलं काहीतरी डाव आहे. ज्याचं सरपंच व्हायचं ठरलं होतं तो त्यांचा सख्खा पुतण्या. तो पुढं आला, आप्पांच्या पाया पडला आणि त्यांच्या हातात नारळ दिला. गुलाल उधळला. गुलाल पायऱ्यांखाली आमच्यापर्यंतही उडाला. वाड्यात त्या रात्री गोड केलं होतं.

पहिल्या मीटिंगला मी मुद्दाम शिरूरहून आलो. चावडीच्या दारात उभं राहायला कुणाची ना नव्हती. आप्पा आमचा अर्ज घेऊन उठले. घसा खाकरला. एवढ्यात सरपंच ताडकन उभा राहिला.

"आप्पा, तुम्ही कशाला उभं ऱ्हाताय? बसा, बसा. तुमचा शब्द म्हंजी आमाला आज्ञा." त्यानं स्वतःच्या खुर्चीवरची उशी काढून आप्पांच्या पाठीशी लावली. शिपायाला चहा सांगितला. ग्रामसेवकानं अर्ज घेऊन दप्तरात ठेवला. सगळ्यांनी मान डोलावली, चहा झाला आणि विषय पुढं गेला. आप्पा उशीला टेकून बसले होते. त्यांनाही वाटलं की काम झालं.

काम झालं नव्हतं. पुढच्या मीटिंगला तेच. त्याच्या पुढच्याही. आप्पा उठले की दोघं धावून यायचे, बसवायचे, "तुमी सांगायचं आन् आमी करायचं न्हाई आसं हुईल व्हय?" म्हणायचे. कुणी त्यांच्यावर ओरडलं नाही. कुणी नको म्हणालं नाही. पंधरा ऑगस्टला झेंडा त्यांच्या हस्ते. जत्रेच्या कमिटीचे अध्यक्ष तेच. कुठं शाल, कुठं नारळ, कुठं फेटा. पेटी भरली शालींनी. आणि आमच्या बायका झिऱ्यावर.

मी वसतिगृहात पडल्या पडल्या विचार करायचो. त्या अमेरिकन म्हाताऱ्याचं तोंड दाबायला त्यांना नियम करावा लागला. नियम कागदावर असतो, त्याच्याशी भांडता येतं, तो एक दिवस मोडतो. आमच्या लोकांनी आप्पांना मान दिला. मानाशी कसं भांडायचं? पायावर डोकं ठेवणाऱ्याला लाथ कशी मारायची? माझ्या लोकांना हजारो वर्षं शिव्या देऊन गप्प बसवलं, ते आम्हाला समजत होतं. हे मला समजत नव्हतं आणि त्यामुळं जीव फार खचायचा.

एकदा आप्पांनाही असह्य झालं. उन्हाळा होता, झिराही आटत चालला होता. मीटिंगमध्ये चहा आला तो त्यांनी हातानं सारला, पाठीची उशी काढून फेकली आणि खाली फरशीवर मांडी घालून बसले. म्हणाले, नळाचा ठराव होईपर्यंत उठणार नाही. पुतण्यानं विनवण्या केल्या, घरून काकू आल्या, डॉक्टरला बोलावणं गेलं. आप्पा हलले नाहीत. वाड्यातली माणसं चावडीसमोर जमली. माझी आई पदर डोळ्याला लावून उभी होती. "देवमाणूस," ती सारखी म्हणत होती. खोटं कशाला बोलू, मीही त्या दिवशी त्यांच्याकडं बघून ढसाढसा रडलो. तो म्हातारा त्या वेळी खरोखर मोठा होता आणि पुढं जे घडलं त्यानं ते खोटं ठरत नाही.

दिवस कलताना ठराव झाला. आप्पांच्या मानाखातर त्यांच्या प्रभागात, ज्यात आमचा वाडाही येत होता, एक नळ मंजूर. सगळ्यांचे अंगठे, सह्या. आप्पांना दोघांनी धरून उठवलं, त्यांचे पाय बधिर झाले होते.

आईनं हंडा चिंचेनं घासून लख्ख केला. चर खणायला सुरुवात झाली. टाकीपासून निघालेला चर मराठा आळीतून खाली येत होता आणि आमची पोरं रोज जाऊन कुठवर आला ते बघून यायची. परीक्षा संपवून मी गावी आलो त्या दिवशी चर थांबला होता. आप्पांच्या दारात. ओट्याच्या कोपऱ्याशी नवा कोरा पितळी नळ बसवलेला, त्याला झेंडूचा हार घातलेला. आप्पांच्या प्रभागात एक नळ. त्यांचं घर त्याच प्रभागात होतं. ठरावात एक अक्षर खोटं नव्हतं.

मी धावत गेलो. आई मागून हंडा घेऊन आली, तिला कुणीतरी सांगितलं होतं की नळाला पाणी सुटलंय. आप्पा ओट्यावर बसले होते. चावडीत फरशीवर बसले त्या दिवसापासून त्यांची प्रकृती उतरली होती, गळ्याची कातडी लोंबत होती. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "आला बग नळ. त्यांनी माझ्या दारात बसवला, म्हणाले तुमच्यामुळं झालंय. आता फुडचं फुडं बगू."

मी म्हटलं, "आप्पा, आमच्या बायका हितं भरतील?"

"भरतील की!" ते म्हणाले. आवाजात नुसती माया होती. "सकाळच्याला येऊ दे सगळ्यास्नी. त्यांनी हितं खाली हंडा ठेवायचा. मी सवता वतून दीन. कुणाला बोलू द्यायचो न्हाई."

आई माझ्या मागं उभी होती. तिनं नळाकडं पाहिलं, मग आप्पांकडं. त्या माणसानं तिच्यासाठी दिवसभर फरशीवर बसून पाय बधिर करून घेतले होते. नळाला तिचा हात लागावा, एवढं मात्र त्याच्या मनातही आलं नव्हतं. वाईट मनानं म्हणाला असता तर सोपं गेलं असतं.

"नगं आप्पा," आई म्हणाली. "तुमच्या हाताला कशाला तरास."

ती रिकामा हंडा घेऊन वळली. ओढ्यापर्यंत मी तिच्या मागून गेलो. घोटभर पाणी तरी घ्यायचं होतंस, असं काहीतरी मी मूर्खासारखं बोललो. ती म्हणाली, "घशाखाली उतरलं नसतं." झिऱ्याशी बसली आणि वाटी बुडवली. त्यानंतर देवमाणूस हा शब्द तिच्या तोंडून कधी आला नाही, आणि वाईट शब्दही आला नाही. वाड्यातली कुठलीच बाई त्या नळावर गेली नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुस्तकातला म्हातारा सभागृहात काम करता करताच कोसळला आणि तिथंच गेला. तसं मरण आप्पांच्या वाट्याला आलं नाही. ते जगले. रोज सकाळी नळाला पाणी सुटायच्या वेळी ते तांब्या घेऊन ओट्याच्या कडेला येऊन बसायचे. त्यांच्या सुना घरातली पिंपं भरून घ्यायच्या, पाणी जायचं, आणि आप्पा तांब्या मांडीवर घेऊन बसलेलेच असायचे.

बी.ए. होऊन परत आलो तेव्हा त्यांनी मला हाक मारली. मी पायरीच्या दगडावर बसलो नाही, उभाच राहिलो. त्यांना आता जवळजवळ दिसत नव्हतं, त्यामुळं ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

"का रं," ते म्हणाले, "तुमच्या बायका येत न्हाईत. मी तर रोज बसतो वतायला. माझं काय चुकलं?"

सांगायचं होतं ते सगळं ओठांवर आलं. मी त्यांच्या त्या पांढऱ्या डोळ्यांकडं पाहिलं, मांडीवरच्या तांब्याकडं पाहिलं, आणि मलाही ते जमलं नाही. म्हणालो, "कॅनॉलला पाणी हाय ना आप्पा. म्हणून येत नसतील."

"व्हय," ते म्हणाले. "तसंच आसंल."

कॅनॉल कोरडा पडला होता. आप्पांचा स्वतःचा ऊस त्याच कॅनॉलवर वाळत होता.